वाशीचं रुग्णालय: इमारत आपली, खाटा कोणाच्या?

वाशीच्या महापालिका रुग्णालयात पहिल्यांदा आलेला माणूस हमखास गोंधळतो. एकाच आवारात दोन हॉस्पिटलं. एकीकडे केसपेपरची रांग, दुसरीकडे फोर्टिस. असं का, हे बरेच जण विचारतात, म्हणून थोडा इतिहास.

सुरुवात जमिनीपासून. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. कारण दिलं सार्वजनिक हिताचं. 1992 मध्ये महापालिका आली, आरोग्याची जबाबदारी तिच्याकडे आली आणि वाशीत मोठं रुग्णालय उभं राहिलं.

पण इमारत एकदा बांधली की झालं, हॉस्पिटल मात्र रोज चालवावं लागतं. स्पेशालिस्ट डॉक्टर, आयसीयूचा स्टाफ, मशीनची देखभाल, हा खर्च दर महिन्याचा. त्यातून वाट निघाली ती भागीदारीची. साधारण वीस वर्षांपूर्वी इमारतीचा काही भाग हिरानंदानी हेल्थकेअरला भाडेपट्ट्याने दिला गेला. पुढे ही कंपनी फोर्टिसकडे आली. बदल्यात पालिकेने पाठवलेल्या गरीब रुग्णांवर तिथे उपचार व्हायचे होते.

मला स्वतःला ही कल्पना वाईट वाटत नाही. पण पुढे काय झालं बघा. 18 जानेवारी 2017 ला, तुकाराम मुंढे आयुक्त असताना, पालिकेने अटी मोडल्याचा ठपका ठेवून करार रद्द केला. कंपनीने सुप्रीम कोर्ट गाठलं. 30 जानेवारीला आदेश आला: 'जैसे थे'. मुळात हा करार झालाच कसा, यालाही तिथे आव्हान होतं. कोण बरोबर, हे कोर्टाने ठरवायचं. माझा मुद्दा वेगळा आहे. किती गरीब रुग्ण पाठवले, किती दाखल झाले, किती परत आले, हा हिशोब पहिल्या दिवसापासून दर महिन्याला लोकांसमोर असता, तर भांडण इतकं वाढलं असतं का?

धर्मादाय हॉस्पिटलांचंही हेच. 2006 मध्ये मुंबई हायकोर्टाने योजना ठरवून दिली: 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. नियम चांगला आहे. पण ऐन वेळी 'खाट रिकामी नाही' असं उत्तर मिळालं, तर ते खरं की खोटं हे नातेवाइकाने कसं तपासायचं?

आता बेलापूरला पालिकेच्या सुपरस्पेशालिटी हॉस्पिटलची चर्चा आहे. जरूर व्हावं. पण भूमिपूजनाचा नारळ फुटण्याआधी दोन गोष्टी लेखी हव्यात. रोजचा खर्च कुठून येणार? आणि गरिबांच्या किती खाटा आज भरल्या, किती रिकाम्या, याचा फलक दारात लागणार का?

आपापल्या लोकप्रतिनिधींना एवढं तरी विचारा. पटलं तर पोस्ट पुढे पाठवा.