निकोलो मॅकियाव्हेली

निकोलो मॅकियाव्हेली (३ मे १४६९ – २१ जून १५२७) हा प्रबोधनकाळातील इटालियन राजकीय विचारवंत, मुत्सद्दी, इतिहासकार व नाटककार होता. 'द प्रिन्स' (मूळ इटालियन नाव 'इल प्रिंचिपे') या छोटेखानी ग्रंथामुळे त्याचे नाव कपटनीतीशी कायमचे जोडले गेले. प्रत्यक्षात त्याची उमेदीची वर्षे फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या चाकरीत गेली.

जीवन

त्याचा जन्म फ्लॉरेन्समधील एका जुन्या, परंतु बेताच्या परिस्थितीतील घराण्यात झाला. वडील बेर्नार्दो हे कायदेपंडित होते. रोमन इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथातील स्थलनामांची सूची करून दिल्याबद्दल त्यांना त्या ग्रंथाची प्रत मिळाली होती. पुढे याच लिव्हीवर निकोलोने आपला सर्वांत विस्तृत राजकीय ग्रंथ लिहिला.

सव्होनारोला या धर्मोपदेशकाला १४९८ मध्ये देहदंड झाल्यानंतर काही दिवसांतच मॅकियाव्हेलीची दुसऱ्या चान्सरीच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. फ्रान्सचा राजा बारावा लुई, सम्राट मॅक्सिमिलियन आणि चेझारे बोर्जा यांच्याकडे तो वकील म्हणून गेला. भाडोत्री सैन्यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने उभारलेल्या नागरी सेनेचा १५०९ मध्ये पिसा जिंकण्यात वाटा होता. मात्र १५१२ मध्ये प्रातो येथे स्पॅनिश फौजेपुढे तीच सेना टिकली नाही. प्रजासत्ताक कोसळले, मेदिची घराणे परतले आणि मॅकियाव्हेलीचे पद गेले. १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून त्याला अटक झाली. हात पाठीमागे बांधून दोरीने टांगण्याचा छळ सोसूनही त्याने गुन्हा कबूल केला नाही. जोव्हान्नी दे मेदिची हा दहावा लिओ या नावाने पोप झाला, त्या आनंदात दिलेल्या माफीमुळे त्याची सुटका झाली.

त्यानंतर तो फ्लॉरेन्सजवळील सांत आंद्रेआ येथील शेतावर राहू लागला. दिवस लाकूडतोडे व खाणावळीतील पत्तेबाज यांच्यात घालवून, संध्याकाळी दरबारी पोशाख चढवून आपण प्राचीन लेखकांच्या सहवासात बसतो, असे त्याने १० डिसेंबर १५१३ च्या पत्रात मित्र व्हेत्तोरी यास कळवले. 'द प्रिन्स'चा उल्लेखही याच पत्रात आहे.

विचार

'द प्रिन्स'मध्ये २६ प्रकरणे आहेत. आदर्श राजा कसा असावा हे सांगणाऱ्या ग्रंथांची परंपरा जुनी होती. मॅकियाव्हेलीने ती मोडून सत्ता प्रत्यक्षात कशी मिळते आणि कशी जाते, याचा विचार केला. 'व्हिर्तू' (कर्तृत्व) आणि 'फोर्तुना' (दैव) या त्याच्या मध्यवर्ती संकल्पना होत. 'साध्य साधनांचे समर्थन करते' हे वचन त्याच्या नावावर सर्रास खपवले जाते; या शब्दांत ते त्याच्या ग्रंथात नाही. शिवाय राजाने प्रजेचा द्वेष ओढवून घेऊ नये, असेही तो बजावतो. लिव्हीवरील 'डिस्कोर्सेस'मध्ये त्याने प्रजासत्ताकाचा पुरस्कार केला असून, सरदार आणि सामान्यजन यांच्यातील संघर्षामुळेच रोमचे स्वातंत्र्य टिकले, असे प्रतिपादन केले आहे. हे दोन ग्रंथ एकाच माणसाचे कसे, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

प्रभाव

'डिस्कोर्सेस' १५३१ मध्ये व 'द प्रिन्स' १५३२ मध्ये, म्हणजे दोन्ही ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. १५५९ मध्ये चर्चने त्याचे सर्व लेखन निषिद्ध ठरवले. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने त्याचे खंडन लिहिले, तर रूसोने 'द प्रिन्स' हा प्रजासत्ताकवाद्यांचा ग्रंथ मानला. मॅक्स वेबरने १९१९ च्या व्याख्यानात कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'पुढे 'द प्रिन्स' निरुपद्रवी ठरतो, असे मत मांडले. ग्राम्शीने तुरुंगातील टिपणांत राजकीय पक्षालाच 'आधुनिक प्रिन्स' म्हटले.