ऋण निरपेक्ष तापमान

केल्व्हिन मापावर शून्याखालच्या आकड्याने दाखवावे लागणारे तापमान. ज्या संहतीच्या ऊर्जेला वरची सीमा आहे आणि जिच्या वरच्या ऊर्जापातळीवर खालच्या पातळीपेक्षा जास्त कण आहेत, तिचे तापमान ऋण येते. अशी संहती शून्यापेक्षा थंड नसते. धन तापमानाच्या कोणत्याही वस्तूपेक्षा ती उष्ण असते आणि दोन्हींचा संपर्क आला, तर उष्णता तिच्याकडून त्या वस्तूकडे जाते.

सेल्सियसमधील उणे अंशांशी याची गल्लत करू नये. लोटे (ता. खेड, जि. रत्नागिरी) येथील औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या रसायनतंत्रज्ञाला ब्राइन फिरवून ‘मायनस वीस’वर आणलेला रिअ‍ॅक्टर परिचयाचा असतो; ते तापमान सु. २५३ केल्व्हिन, म्हणजे धनच असते.

तत्त्व : संहतीला थोडी ऊर्जा दिली असता तिची एन्ट्रॉपी ज्या दराने वाढते, त्या दराचा व्यस्त म्हणजे निरपेक्ष तापमान. वायूच्या रेणूंच्या गतिज ऊर्जेला वरची सीमा नाही, म्हणून तेथे हा दर नेहमी धन राहतो. चुंबकी क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रांच्या स्पिनांची गोष्ट वेगळी आहे. दोनच पातळ्या धरल्या, तर सर्व स्पिन खाली असताना एन्ट्रॉपी शून्य, निम्मे खाली व निम्मे वर असताना कमाल आणि सर्व वर गेले की पुन्हा शून्य. मधला टप्पा ओलांडल्यावर ऊर्जा वाढते तशी एन्ट्रॉपी घटते, म्हणून तापमान ऋण. थंडाकडून उष्णाकडे क्रम असा लागतो : +०, +३००, अनंत, −३००, −०. ऋण बाजूला जाणारी वाट शून्यातून नव्हे, अनंतातून जाते.

पर्सेल-पाउंड प्रयोग : ई. एम. पर्सेल व आर. व्ही. पाउंड यांनी हार्व्हर्ड येथे १९५१ मध्ये ही स्थिती प्रथम दाखवली. लिथियम फ्ल्युओराइडचा स्फटिक खोलीच्याच तापमानाला होता. त्याला सु. ६,४०० गौसच्या क्षेत्रातून काढून लहान वेटोळ्यातील सु. १०० गौसच्या क्षेत्रात नेले. ते क्षेत्र इतक्या झटकन उलटवले की स्पिनांना त्याच्यामागोमाग वळता आले नाही. स्फटिक परत मोठ्या चुंबकात ठेवल्यावर शोषणाऐवजी उत्सर्जन दिसले, म्हणजे संदेश उलटा आला. काही मिनिटांत तो घटत शून्यावर आला आणि पुढे नेहमीच्या बाजूला वाढला. स्पिन आपापसांत सेकंदाच्या अल्पांशात ऊर्जा वाटून घेतात, पण स्फटिकाच्या जालकाशी देवघेव करायला त्यांना मिनिटे लागतात. दोन काळांमधील या तफावतीमुळेच स्पिनांना स्वतंत्र तापमान आहे असे म्हणता येते.

मुंबईशी संबंध : पर्सेल-पाउंड प्रयोगात वापरलेल्या तंत्रानेच त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथे आर्नल्ड, एस. एस. धर्मट्टी व पॅकार्ड यांनी एथिल अल्कोहॉलच्या रेणूतील हायड्रोजनांचे तीन वेगळे संदेश नोंदवले. रसायनशास्त्रात चुंबकीय अनुस्पंदनाचा, म्हणजेच एनएमआरचा, वापर येथून रुजला. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट उभारला. एनएमआर यंत्रावर शिथिलनकाल मोजताना १८० अंशांचा रेडिओ-स्पंद देतात. त्यासरशी पातळ्यांवरील संख्या उलटते आणि क्षणापुरते ऋण तापमान दर्शवते. द्रवातील स्पिनांना ‘तापमान’ हा शब्द काटेकोरपणे लावावा का, याबाबत एकवाक्यता नाही.

इतर संहती : द्विमितीय भोवऱ्यांसाठी ऑन्सेगर यांनी १९४९ मध्येच अशी कल्पना मांडली होती, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत तिला पुष्टी मिळाली. हेलसिंकी येथे चांदीच्या अणुकेंद्रांवर काम झाले. म्यूनिक येथे २०१३ मध्ये पोटॅशियमच्या अतिशीत अणूंच्या गतीबाबतही ऋण तापमान साधले.

वाद : एन्ट्रॉपीची गिब्ज यांच्या नावाची व्याख्या घेतल्यास ऋण तापमान संभवत नाही, असे डंकेल व हिल्बर्ट यांनी २०१४ मध्ये प्रतिपादले. त्यावर उलटसुलट लेखन झाले आहे. ऊष्मागतिकीचे नियम अशा संहतींना लावताना दुसऱ्या नियमाच्या केल्व्हिन-प्लँक मांडणीत बदल करावा लागतो, हे रॅम्झी यांनी १९५६ मध्ये दाखवले.

लेसर : पातळ्यांवरील संख्येचा हाच उलटा क्रम लेसरच्या मुळाशी असतो. भारतातील पहिला अर्धसंवाहक लेसर तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अणुसंशोधन केंद्रात १९६० च्या दशकात तयार झाला.