एक्झिट इंटरव्ह्यू म्हणजे काय? नोकरी सोडताना काय बोलायचं?

लोणी काळभोरहून हडपसरला रोज बाईकने जाऊन मी पहिली नोकरी केली. राजीनामा दिल्यावर एचआरने मोबाईलवर एक फॉर्म पाठवला : ‘नोकरी का सोडताय?’ मी ‘चांगली संधी’वर टिक करून मोकळा झालो. खरं कारण होतं रात्री अकराचे रोजचे कॉल. काही महिन्यांनी माझ्या जागी आलेल्या मुलानेही त्याच कारणाने नोकरी सोडली. ते मला आजही खटकतं.

एक्झिट इंटरव्ह्यू म्हणजे काय?

नोकरी सोडणाऱ्याशी कंपनी जाता जाता जी चर्चा करते, ती. माणसं का जातात, हे कंपनीला त्यातून समजतं. आयटीत हा प्रश्न मोठा आहे. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसने जाहीर केलेला अ‍ॅट्रिशन रेट २८.४ टक्के होता.

खरं बोललो तर पीएफ अडकेल का?

मुळात हा इंटरव्ह्यू देण्याची कायद्याने सक्ती नाही. पीएफ तुमच्या यूएएनला जोडलेला असतो. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर ‘मार्क एक्झिट’मधून ती तुम्ही स्वतः टाकू शकता.

काय बोलायचं?

* उत्तरं कोण वाचणार, हे आधी विचारा. कंपनीच्या लॉगिनने उघडलेल्या फॉर्मवर तुमचं नाव जाऊ शकतं.
* माणसावर नको, घटनेवर बोला. ‘मॅनेजर वाईट आहे’ऐवजी ‘आठवड्यातून चार दिवस रात्री अकराला कॉल असायचा’ असं सांगा.
* सहकाऱ्यांची नावं घेऊ नका.

तुम्ही इंटरव्ह्यू घेणार असाल तर?

आता मी टीम लीड आहे, म्हणून हेही सांगतो.

* थेट मॅनेजरने घेऊ नये, त्याच्यासमोर कोणी मोकळं बोलत नाही. माझ्या टीममधलं कोणी निघालं की मी एचआरलाच बसायला सांगतो.
* ‘काय बदललं असतं तर थांबला असतात?’ हा प्रश्न नक्की विचारा.
* वाद घालू नका, लिहून घ्या.
* एकच तक्रार दोघातिघांकडून आली, तर ती वरपर्यंत पोहोचवा.

अर्थात, निघताना बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं. तुम्हाला त्रास होत असेल तर राजीनाम्याची वाट पाहू नका, आधीच बोला. आणि आधी जमलं नाही, तर निदान जाताना तरी खरं सांगा. तुमच्या खुर्चीवर उद्या दुसरं कोणीतरी बसणार आहे.