दिंडीची सेवा : जठारपेठ ते चोखामेळा धर्मशाळा



दिंडीला शंभर वर्षं झाली, तेव्हा या ग्रंथात विणेकऱ्यांची, मृदंगवाल्यांची, कीर्तनकारांची नावं येणारच, यायलाच पाहिजेत. आम्हाला लिहायचं आहे ते सेवेकऱ्यांबद्दल. सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवणारा, पाण्याच्या टाकीपाशी उभा राहणारा, रात्री दुसऱ्याच्या पायाला तेल चोळणारा माणूस कुठल्या वहीत सापडत नाही. भिशीच्या वहीत तांदूळ किती, डाळ किती हे असतं. शिजवलं कोणी, हे नसतं.

आषाढीच्या वाटेवर अकोला हे आपल्या वऱ्हाडातलं मोठं ठिकाण. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी निघते, तीही अकोल्यात येऊनच पुढं पातूरच्या वाटेला लागते. त्या दिवसांत जठारपेठेसारख्या पेठांतून मंडळांची पोरं रस्त्यावर येतात. चहा, केळी, फोडांना मलमपट्टी, तुटलेल्या चपलेला टाका. बायाबापड्या घरटी पोळ्या देतात आणि त्या जमवून पंगत उठते. ही सेवा खरी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. शहरात वारकऱ्याला एका मैलात सहा जण केळं देतात, आणि शहर सुटलं की उन्हात घोटभर पाण्यालाही कोणी भेटत नाही. सेवा जिथं दिसते तिथं दाटी, जिथं लागते तिथं सामसूम.

याचा विचार करताना आपल्याच मातीतला माणूस आठवतो. गाडगेबाबा. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वाढले ते आपल्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. जात परिटाची, काम गुरं राखण्याचं आणि शेतीचं. १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जेवायला फुटकं मडकं, म्हणून नाव गाडगे. गावात शिरले की आधी झाडायचे, मग रात्री कीर्तन. पाया कोणाला पडू द्यायचे नाहीत.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा, म्हातारी माणसं घसरून पडत. बाबांनी तिथं घाट बांधवला, आणि यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना अन्न दिलं. मूर्तिजापूरला धर्मशाळा आणि गोरक्षण उभं केलं. नाशिकला, आळंदीला, देहूला धर्मशाळा झाल्या. जुनी माणसं सांगतात, घरच्या माणसांना मात्र त्यांनी त्या अन्नाला हात लावू दिला नाही.

पण वारकऱ्यांच्या दृष्टीनं मोठं काम पंढरपुरातलं, आणि ते नीट समजून घेतलं पाहिजे. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांनाही विठ्ठलाची ओढ तेवढीच होती. तेही पायी येत, टाळ वाजवत, चंद्रभागेत न्हात. पण देवळात प्रवेश नव्हता, आणि रात्री डोकं टेकायला इतरांच्या धर्मशाळेत जागा नव्हती. पावसात बाया-लेकरांसह वाळवंटात किंवा कोणाच्या आडोशाला पडून राहायचं. ज्यांचं जन्मगाव आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणा राजा मानतात, त्या चोखोबांची समाधीसुद्धा महाद्वाराबाहेरच. बाबांनी या वारकऱ्यांसाठी १९२० च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा बांधवली. म्हणजे आपली दिंडी नुकती कुठं बाळसं धरत होती तेव्हाची ही गोष्ट. देवळाचं दार उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. त्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधीच बाबांनी छपराचा प्रश्न सोडवला होता. दार उघडेल तेव्हा उघडेल, माणूस आज रात्री भिजतो आहे, एवढंच त्यांनी पाहिलं. पुढं ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली.

आम्हाला वाटतं, मंडळांनी बाबांकडून खराटा घेतला, तसाच हा डोळाही घ्यावा. कोणाला जागा नाही, ते आधी बघायचं. जठारपेठेतून मुंबईला कर्करोगाचा पेशंट घेऊन जाणाऱ्याला टाटा रुग्णालयाच्या बाहेर राहायचं कुठं हा घोर पडतो. दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा अशाच रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगाव इथं बाबा वाटेतच गेले, पण त्यांनी १९५२ साली स्थापलेलं मिशन अजून चालू आहे.

तर आपल्या दिंडीत शताब्दीनिमित्त ठरलं ते असं. शहरातल्या चहा-केळ्याला आपण हात घालायचा नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. अकोला सुटल्यावर पातूरच्या वाटेवर पाणी, औषध आणि दमलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक गाडी, एवढं आपलं. दिंडी कोणतीही असो, विचारायचं नाही. मुक्काम उठल्यावर मागं थांबून जागा झाडणारी तुकडी यंदा वेगळी केली आहे. तिच्यात यायचं त्यानं चोपदारांकडं सांगावं. झाडू ज्याचा त्यानं आणायचा.