माळरान (पूर्व पुणे जिल्हा) : जीवसृष्टीचा अभ्यास व लोकजागृती

शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांत व लगतच्या कर्जत भागात पसरलेला गवताळ, विरळ काटेरी झुडपांचा मुलूख. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात पाऊस थोडा व लहरी, जमीन उथळ व मुरमाड. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते आणि अधूनमधून हिवर, बोर, तरवड एवढ्याच वनस्पती येथे विरळ दिसतात. हा मुलूख म्हणजे उजाड झालेले जंगल मात्र नव्हे. माळरान ही स्वतंत्र, परिपूर्ण परिसंस्था आहे.

या भागातील वन्य प्राण्यांचा फार जुना पुरावा इनामगावला मिळतो. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे (सुमारे इ. स. पू. १६०० ते ७००) उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. तेथे सापडलेल्या हाडांत गुरे, शेळ्या-मेंढ्यांबरोबर काळविटाचीही हाडे होती. वसाहतीच्या अखेरच्या (उत्तर जोर्वे) काळात हवामान कोरडे होत गेले तशी शेती खालावली आणि लोक मेंढपाळी व शिकारीकडे वळले, असा निष्कर्ष पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी काढला. माळ, मेंढरे आणि हरिणे यांचा शेजार येथे तीन हजार वर्षांचा आहे, हे संरक्षणाचा विचार करताना विसरता येत नाही.

संरक्षित क्षेत्रे लहान आहेत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य (१९८०) जेमतेम २.१७ चौ. किमी., तर सुप्याजवळचे, चिंकाऱ्यासाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) सुमारे ५ चौ. किमी. आहे. लांडग्याचा कळप याहून कितीतरी मोठ्या मुलखात फिरतो. त्यामुळे लांडगा, खोकड, तरस, धाविक, पखुर्डी आणि हिवाळी पाहुणे भोवत्या यांचा अभ्यास गायरानात, पडीत आणि मेंढवाड्यांच्या आसपासच करावा लागतो.

माळावरील प्राण्यांच्या दीर्घ अभ्यासाचा पाया सोलापूरजवळ नान्नज येथील माळढोक अभयारण्यात घातला गेला. माळढोकांमागून तेथे लांडग्यांचा आणि पुढे खोकडांचा अभ्यास झाला. वन्यजीव अभ्यासक अबी तमीम वनक व सहकाऱ्यांच्या संशोधनातून मोकाट कुत्र्यांचा खोकडांवर पडणारा ताण आणि कुत्र्यांतील डिस्टेंपरसारख्या रोगांचा धोका पुढे आला. २०२३ मध्ये पुणे परिसरातील लांडगा-कुत्रा संकराला जनुकीय पुरावाही मिळाला. माळावर आज बंदुकीपेक्षा मोकाट कुत्र्याची चिंता अधिक करावी लागते.

लोकसहभागाचा जुना परिचित प्रकार म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणारी पाणवठ्यावरची प्राणीगणना. ती माणसाला रात्रभर निसर्गात बसवते, हे तिचे मोल मोठे. तिच्या आकड्यांवर मात्र, विशेषतः चिंकाऱ्याबाबत, भिस्त ठेवू नये: हा प्राणी पाण्याविना बराच काळ राहू शकतो व पाणवठ्यावर येईलच असे नाही. त्याच्यासाठी ठरावीक रेषेवर चालत केलेली मोजणी, पाऊलखुणा, विष्ठा व कॅमेरा ट्रॅप हे मार्ग अधिक भरवशाचे. अलीकडे वनविभागाने शिर्सुफळ (बारामती) व कडबनवाडी (इंदापूर) येथे स्थानिक मार्गदर्शकांसह माळरान सफारी सुरू केली आहे. गावातील तरुणाला माळ राखण्यातून मिळकत व्हावी, हा तिचा खरा लाभ ठरतो.

जागृतीचे अवघड काम सरकारी कागदांपासूनच सुरू होते. माळरानाचा मोठा भाग नोंदींत ‘पडीक’ ठरतो. मग त्यावर चर खणले जातात, गिरिपुष्प लावले जाते किंवा जमीन उद्योगाला दिली जाते. झाडे लावली म्हणजे निसर्ग वाचला, ही शाळेपासून रुजलेली समजूत येथे उलटी शिकवावी लागते. दाट लागवडीत धाविक व चंडोल टिकत नाहीत.

या जागृतीचा दुसरा श्रोता म्हणजे धनगर मेंढपाळ. लांडग्याच्या सवयी तो अभ्यासकाइतक्याच जाणतो आणि मेंढरू गेल्याचा तोटाही तोच सोसतो. त्याला लांडग्याचे महत्त्व सांगण्याआधी वेळेत वर्दी, पंचनामा आणि नुकसानभरपाई हा मार्ग सुकर करावा लागतो. भटक्या मेंढवाड्याला गाव सोडून पुढे जायचे असते. पंचनाम्याला उशीर झाला की भरपाई बुडते आणि लांडग्यावर विषप्रयोग होण्याची भीती वाढते. गावकुत्र्यांचे लसीकरणही याच कामात मोडते.