शेमाची कुळकथा

नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून कोकणातला बेने इस्राएल हा यहुदी समाज वाढला, अशी या समाजात चालत आलेली हकीकत आहे. पोथ्या समुद्राने गिळल्या. वाचलेल्यांच्या वंशजांनी गावोगाव तेलाचे घाणे टाकले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. मराठी ही घरची भाषा झाली, हिब्रू विसरली गेली. टिकलं ते एक वचन, शेमा. सुंता असो, लग्न असो की मयत, तेच म्हणायचं.

हे वचन तोराच्या, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या, पाचव्या ग्रंथातलं, मराठी बायबलात ‘अनुवाद’ नावाने येणाऱ्या पुस्तकातलं (6:4). हिब्रूत अवघे सहा शब्द. इस्राएलाला ‘ऐक’ अशी हाक आणि देव एकच असल्याची ग्वाही. ते कसं वापरायचं हेही त्याला लागूनच सांगितलंय: निजताना आणि उठल्यावर बोला, हाताला बांधा, दाराच्या चौकटीवर लिहा. इजिप्तमध्ये मिळालेल्या, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या समजल्या जाणाऱ्या नॅश पपायरसवरही दहा आज्ञांच्या खाली शेमा आहे. याउलट, दाविद राजाच्या नावाने ओळखली जाणारी स्तोत्रं 150. त्यातल्या एकट्या 119व्या स्तोत्रात 176 वचनं. एवढा ऐवज पोथीवाचून पिढ्यान्‌पिढ्या जपणं कठीण. सहा शब्दांना पोथी लागत नाही.

दाविद रहाबी नावाचा यहुदी पुढे कोकणात आला, असं परंपरा सांगते. त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी निवडली. हा धर्मशास्त्रातलाच नियम. शेमा तर त्यांना येतच होता. हे यहुदीच आहेत अशी रहाबीची खात्री पटली आणि त्याने तीन तरुणांना शिकवून काजी, म्हणजे धार्मिक विधी करणारे, केलं.

अर्थ समजायला मात्र छापखाना यावा लागला. त्याआधीच, 1796 साली, सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं होतं. 1832 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, बाप्तिस्मा फार थोड्यांनी. 1846 मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठीसह मुंबईत शिळाछापावर निघाली. 113 ते 118 ही स्तोत्रं हग्गादाचाच भाग. 1874च्या पुण्याच्या सचित्र आवृत्तीत लुगड्यातल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी वीसहून अधिक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1880च्या सुमारास तर बेने इस्राएल कीर्तनकार उभे राहिले. कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगाच्या घाटात दाविद, योसेफ, अब्राहाम यांची आख्यानं रंगू लागली.

म्हणणं आधी, समजणं नंतर, असा हा क्रम आहे. मलिदा या समाजाच्या विधीत ताटात पोहे, खोबरं, साखर आणि फळं मांडून एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, स्मरण करतात. तेव्हा इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादाची हिब्रू वचनं म्हटली जातात. दाराच्या चौकटीवर लावायच्या मझूझा या डबीतल्या चर्मपत्रावर शेमाच्याच उताऱ्याने आरंभ होणाऱ्या 22 ओळी असतात. दोन्ही ठिकाणी वचन वाचून संपत नाही, ते जागेवर ठेवायचं असतं.

1948 मध्ये इस्राएल देश स्थापन झाल्यानंतर समाजातले बरेच लोक इस्राएलला गेले. तिथे 1962 साली यहुदी धर्मपीठाने फर्मावलं, की बेने इस्राएलांचा इतरांशी विवाह लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची जमेल तितकी मागे जाऊन चौकशी करावी. समाज रस्त्यावर उतरला. 1964 मध्ये इस्राएल सरकारने त्यांना सर्व बाबतींत यहुदी मानलं. रहाबीने मासळी आणि मुखोद्गत वचन पाहून ओळख पटवली होती, धर्मपीठाने वंशावळ मागितली. घाण्यावर राबणाऱ्यांकडे वंशावळीचे कागद कुठून असणार? त्यांच्याकडे रोजचा पाठ होता, आणि कुळाचा पुरावा म्हणून तो कमी नव्हता.