गोष्ट एका कासवाची

नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतर शाळेत असलेल्या बऱ्याच जणांनी कॉम्प्युटरच्या तासाला एक त्रिकोण बघितला असेल. स्क्रीनच्या मधोमध बसलेला, छोटासा. त्याला 'टर्टल' म्हणायचं असं बाई सांगायच्या, पण दिसायला कुठल्याच बाजूने कासव नाही! 'एफडी १००' लिहिलं की तो शंभर पावलं पुढे जायचा, 'आरटी ९०' लिहिलं की काटकोनात उजवीकडे वळायचा. चौकोन काढला, कमांड वहीत उतरवून घेतल्या, परीक्षेत 'लोगोच्या कोणत्याही पाच कमांड लिहा' आलं, विषय संपला.

तो त्रिकोण एका मोठ्या भांडणातला नायक होता हे मला पुष्कळ नंतर, नोकरीला लागल्यावर कळलं. आणि गंमत म्हणजे ते भांडण अजून मिटलेलं नाही. ज्या घरात एक टॅबलेट आणि एक सहा-सात वर्षांचं पोर आहे त्या प्रत्येक घरात ते चालू आहे. 'मुलांसाठी काहीतरी चांगलं, शिकता येईल असं ॲप सुचव ना' असं कोणी विचारलं की मला आधी ही गोष्टच सांगावीशी वाटते. तर ऐका.

गोष्टीची सुरुवात एका पालकापासून होते. १९५३ साली हार्वर्डमधला मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात जाऊन बसला. पालकांनी वर्ग बघायचा दिवस होता आणि तास गणिताचा. त्याने काय बघितलं? काही मुलांची गणितं केव्हाच सोडवून झालेली आणि ती कंटाळलेली. काहींना काही केल्या जमत नाहीये. आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नाही. कबुतरांना आणि उंदरांना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे बघवलं नाही. त्याने थोड्याच दिवसांत एक यंत्र बनवलं. खिडकीत प्रश्न दिसणार, मुलाने उत्तर द्यायचं, बरोबर असेल तर लगेच कळणार आणि पुढचा प्रश्न येणार. प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायचं. नाव 'टीचिंग मशीन'.

ओळखीचं वाटतंय ना? आज टॅबलेटवर बरोबर उत्तर दिलं की टाळ्या वाजतात, चांदण्या उडतात, पुढची लेव्हल उघडते. हे सगळे त्या यंत्राचे नातू-पणतू! साठच्या दशकात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हाच विचार कॉम्प्युटरवर नेला आणि शाळेतली मुलं टेलिटाइपवर गणिताचा सराव करू लागली. यात वाईट काही नाही. पाढे पाठ करायला याच्यासारखं साधन नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, इथे प्रश्न यंत्र विचारतं आणि उत्तर मूल देतं.

आता दुसरी बाजू. सेमूर पॅपर्ट. जन्म १९२८, दक्षिण आफ्रिका. शिक्षणाने गणितज्ञ, पण १९५८ ते १९६३ ही वर्षं त्याने जिनिव्हात जाँ पियाजेबरोबर काढली. मूल म्हणजे माहिती ओतायचं रिकामं भांडं नाही, ते आपलं ज्ञान स्वतःच बांधत असतं, ही पियाजेची मुख्य शिकवण. तिथून पॅपर्ट गेला एमआयटीत. एमआयटी आणि हार्वर्ड दोन्ही केंब्रिज गावातच, म्हणजे भांडणाचे दोन्ही पक्ष शेजारी-शेजारी म्हणायचे!

पॅपर्टचा प्रश्न साधा होता. कॉम्प्युटरने मुलाला सूचना द्यायच्या हे कोणी ठरवलं? मूल कॉम्प्युटरला सूचना देऊ शकणार नाही का? हे १९६० च्या दशकातलं बोलणं आहे बरं का. तेव्हा एक कॉम्प्युटर खोली व्यापायचा आणि तासाच्या हिशोबाने भाड्याने मिळायचा. त्याच्यापुढे शाळकरी पोरं बसवायची म्हणजे लोकांना वेडेपणा वाटणारच.

१९६७ साली केंब्रिजमधल्याच बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि पॅपर्ट यांनी मिळून 'लोगो' ही भाषा तयार केली. 'लोगॉस' या ग्रीक शब्दावरून नाव, अर्थ 'शब्द'. कारण सुरुवातीला ती आकड्यांशी नाही, शब्दांशी आणि वाक्यांशी खेळायची भाषा होती. पोटात इंजिन लिस्पचं, म्हणजे त्या वेळी आर्टिफिशियल इंटेलिजन्सवाले वापरायचे तीच भाषा. मुलांना 'सोपं म्हणून काहीतरी पांचट' द्यायचं नाही, हा आग्रह पहिल्यापासून.

कासव आलं दोन-तीन वर्षांनी. त्याची कल्पनाही पूर्णपणे नवी नव्हती. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर नावाच्या संशोधकाने १९४० च्या दशकाच्या शेवटी एल्मर आणि एल्सी नावाचे दोन छोटे यांत्रिक प्राणी बनवले होते, प्रकाशाकडे जाणारे. त्यांना तो कासवं म्हणायचा. लोगोचं पहिलं कासवही खरंखुरं, जमिनीवर फिरणारं यंत्र होतं. पोटाखाली पेन, खाली मोठा कागद. स्क्रीनवरचा त्रिकोण ही नंतरची, स्वस्तातली आवृत्ती.

पण कासवच का? कारण मूल स्वतः कासव होऊ शकतं. चौकोन कसा काढायचा कळत नसेल तर उठ, चालून बघ. चार पावलं पुढे, वळ, परत चार पावलं. भूमिती पुस्तकातून आधी पायांत येते!

आता समभुज त्रिकोण. मुलाला माहीत असतं की त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. मग ते लिहितं: तीन वेळा कर, १०० पुढे जा, ६० उजवीकडे वळ. कासव मात्र त्रिकोण न काढता अर्धा षटकोन काढून ठेवतं! आता काय? इथे 'चूक' म्हणून लाल फुली येत नाही. स्क्रीनवर एक चित्र आहे, मनात दुसरं होतं, आणि दोघांमधला फरक शोधायचा आहे. मूल उठून चालून बघतं आणि त्याच्या लक्षात येतं की वळायचा कोन हा आतला कोन नसून बाहेरचा आहे. म्हणजे १२०. शिवाय पूर्ण फेरी मारून मूळच्या दिशेला तोंड करायचं तर एकूण ३६० अंश वळावंच लागतं, मग आकृती त्रिकोण असो नाहीतर षटकोन. आणि ३६० वेळा 'एक पाऊल पुढे, एक अंश उजवीकडे' केलं तर? करून बघा :)

आपल्या धंद्यात याला डिबगिंग म्हणतात आणि आपल्याला त्याचा पगार मिळतो. पहिल्या फटक्यात चालणारा कोड कोणी लिहीत नाही, आणि त्याची लाजही कोणाला वाटत नाही. शाळेत मात्र पहिल्या फटक्यात बरोबर आलं नाही की मार्क गेले. पॅपर्टला हेच बदलायचं होतं. १९८० साली त्याने 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात हे सगळं मांडलं. पुढे १९९८ मध्ये लेगोने आपल्या रोबो-किटला याच पुस्तकाचं नाव दिलं.

पुस्तक आलं तेव्हा घरगुती कॉम्प्युटर नुकते बाजारात येत होते, आणि लोगोची लाटच आली. शाळाशाळांतून कासवं फिरू लागली. आता मुलांची विचारशक्ती कशी झपाट्याने वाढते बघा, असं वातावरण! मग १९८४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी तपासून बघितलं. लोगो शिकलेली मुलं इतर कामांचं नियोजन जास्त चांगलं करतात का? उत्तर आलं: नाही, तसा काही फरक दिसत नाही.

पॅपर्टने १९८७ मध्ये चिडून उत्तर दिलं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की 'लोगोचा परिणाम काय' हा प्रश्नच चुकीचा आहे. हातोडा आणि करवतीने चांगलं फर्निचर होतं का, असं कोणी विचारतं का? ते सुताराच्या हातात आहे. मुलाला कोणत्या वातावरणात, कोणाबरोबर, काय करायला ते साधन मिळालं हे बघा.

मला दोघांचंही पटतं. पी आणि कर्लंड यांनी दाखवलं की नुसतं साधन समोर ठेवून जादू होत नाही. पॅपर्ट सांगत होता की जादू साधनात नव्हतीच. आणि 'कोणत्याही पाच कमांड लिहा' हा प्रश्न आठवला की कासवाचं काय झालं ते कळतं. कासव जिवंत राहिलं, फक्त त्याला अभ्यासक्रमाच्या पिंजऱ्यात घातलं.

पण विचार मेला नाही. १९६८ मध्ये ॲलन के नावाचा तरुण संशोधक पॅपर्टचं काम बघून गेला होता. त्यातून त्याच्या डोक्यात मुलांसाठीच्या, हातात धरायच्या कॉम्प्युटरची कल्पना आली आणि पुढे स्मॉलटॉक ही भाषा. स्मॉलटॉकचीच एक आवृत्ती स्क्वीक. आणि त्या स्क्वीकमध्ये पॅपर्टचा शिष्य मिचेल रेझनिक आणि त्याच्या एमआयटीतल्या मंडळींनी लिहिलं 'स्क्रॅच', जे मे २००७ मध्ये सगळ्यांसाठी फुकट खुलं झालं. कासवाच्या जागी मांजर, टाइप करायच्या कमांडच्या जागी एकमेकांत बसणारे रंगीत ठोकळे. नवी भर म्हणजे दुसऱ्याचा प्रोजेक्ट उघडून, आतून बघून, त्यात बदल करून आपला बनवायची सोय. ओपन सोर्सची सवय दहाव्या वर्षी!

त्याच २००७ च्या ऑक्टोबरमध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्याशा गावच्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. ही योजनाही पॅपर्टच्याच विचारांवर उभी. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच तिला नकार दिला होता, त्यामुळे सरकारच्या मदतीशिवाय. हिरव्या-पांढऱ्या छोट्या लॅपटॉपमध्ये मुलांसाठी कासवही होतं. पॅपर्टला मात्र तेव्हा फारसं काही करता येत नव्हतं. डिसेंबर २००६ मध्ये हनोईत रस्ता ओलांडताना मोटरसायकलने उडवलं आणि मेंदूला जबर मार बसला. ३१ जुलै २०१६ ला तो गेला.

असो. आता मूळ प्रश्न, 'मुलांसाठी काय सुचवशील?'

पाच ते सात वर्षांच्या मुलांना स्क्रॅचज्युनिअर, त्यात वाचताही यावं लागत नाही. त्यापुढे स्क्रॅच, ते ब्राउझरमध्येच चालतं. जरा मोठं, टाइप करता येणारं पोर असेल तर पायथन टाका, त्यात टर्टल आयतंच येतं, वेगळं काही घ्यायला नको. आणि स्क्रीन नकोच असेल तर अरविंद गुप्तांची साइट. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, टेल्कोतून रजा घेऊन १९७८ मध्ये होशंगाबादला विज्ञान शिकवायला गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब व काड्यापेटीच्या काड्यांतून भूमिती उभी केली. पुढे पुण्याच्या आयुकात मुलांच्या विज्ञान केंद्रात ते अनेक वर्षं होते. खेळणी आणि पुस्तकं, मराठीतलीसुद्धा, सगळं फुकट.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'पोराला आत्ता कोडिंग शिकवलं नाहीत तर ते मागे पडणार' अशा जाहिरातींनी आपल्या पिढीच्या आईबापांना पुरतं घाबरवलं. त्यातल्या काही तक्रारींनंतर मागे घ्याव्या लागल्या, पण भीती शिल्लक राहिली आणि हजारोंच्या फिया भरल्या गेल्या. कासवाचा इतिहास सांगतो की घाई करायचं काही कारण नाही. कोणत्याही ॲपपुढे मूल बसलं की एकच बघा, इथे सूचना कोण देतंय आणि पाळतंय कोण? पाढ्यांपुरतं यंत्राने सांगितलं तर चालेल. पण आठवड्यातून थोडा वेळ तरी उलटं झालं पाहिजे.

आणि अजून एक. पॅपर्टने १९९६ मध्ये खास आईबापांसाठी एक पुस्तक लिहिलं, 'द कनेक्टेड फॅमिली'. त्याचा सल्ला असा की मुलाला शिकवायला बसू नका, मुलाबरोबर शिकायला बसा. आपल्यासारख्यांना हे जरा जड जातं, कारण उत्तर लगेच दिसतं आणि माउस ओढून घ्यावासा वाटतो. नका घेऊ. अर्धा षटकोन झाला तर होऊ दे. 'अरेच्चा, हे असं का झालं असेल रे?' एवढंच विचारा आणि गप्प बसा.